दाण्याचा जाळ

सोलापूरला महाविद्यालयात शिकत असताना आम्ही प्रयोगशाळेत एकदा शेंगदाणा जाळला होता. टाचणीला टोचलेला अर्ध्या ग्रॅमचा दाणा आणि त्यावर परीक्षानळीत 20 ग्रॅम पाणी. पाण्याचे तापमान 40 अंशांनी चढले. म्हणजे 800 कॅलरी, अर्थात 0.8 किलोकॅलरी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात मात्र 100 ग्रॅम शेंगदाण्यासमोर 567 किलोकॅलरी होत्या. त्या हिशेबाने आमच्या दाण्याने 2.8 द्यायला हव्या होत्या. बाकीची उष्णता हवेत आणि काचेत गेली, काही काजळीत अडकून राहिली.

ही गळती थांबवणारे पोलादी, बंद, ऑक्सिजनने भरलेले भांडे फ्रान्समध्ये बर्थेलो यांनी 1881 च्या सुमारास सिद्ध केले. पण शरीर त्या भांड्यासारखे सारेच जाळत नाही. चोथा न पचता जातो, प्रथिनांतली काही ऊर्जा युरियाबरोबर बाहेर पडते. ही वजावट करूनच अमेरिकेत ॲटवॉटर यांनी प्रथिने व कर्बोदके यांना दर ग्रॅमला 4 आणि स्निग्ध पदार्थांना 9 किलोकॅलरी ठरवल्या.

घरी आम्ही हे मोठ्या उत्साहाने सांगितले. आजी एवढेच म्हणाली, "खायाचा दाणा जाळला व्हय रं?" 1972 च्या दुष्काळात ती खडी फोडायला गेली होती. तिचे बोलणे आम्ही भाबडेपणा समजून हसण्यावारी नेले.

पुढे साहित्याकडे वळलो आणि 1876-78 च्या दुष्काळाविषयी वाचताना तो हिशेब पुन्हा समोर आला. सोलापूर जिल्हा त्या दुष्काळात होरपळला होता. 1877 मध्ये सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या पुरुषाची रोजची मजुरी ठरवली: एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा. मद्रासचे आरोग्य अधिकारी कॉर्निश यांनी एवढ्यात माणूस तगणार नाही असे बजावले. कॅलरीचे तक्ते तेव्हा नव्हते. आज मांडून पाहावे, तर 100 ग्रॅम ज्वारीला 349 धरून पौंडाला सुमारे 1,580 किलोकॅलरी होतात. कष्टाचे काम करणाऱ्या 60 किलो वजनाच्या पुरुषासाठी 2010 ची भारतीय शिफारस 3,490 आहे. वरच्या आण्यात मीठमिरची, डाळ आणि घरची तोंडे. उरलेली तूट शरीर आधी स्वतःची चरबी, मग स्नायू जाळून भरते.

तो आकडा वहीत लिहिताना आजीचा प्रश्न आठवला. भाकरी कमी पडली की दुपारनंतर हातोडा जड होतो, असे ती सांगत असे. प्रयोगशाळेत आम्ही जे मोजू पाहत होतो, ते तिला तापमापीवाचून ठाऊक होते. तेव्हा आम्ही तिला काहीच विचारले नाही. आता विचारायला ती नाही.