ओलें फडकें

२००७ सालीं मीं जुनी पद्मिनी मोटार घेतली, तेव्हां भिवंडींतील स्नेह्यांनीं मला वेड्यांतच काढलें. कारण कुर्ल्यास तिचें उत्पादन तत्पूर्वींच बंद पडलें होतें. परंतु दम्यानें बेजार मातोश्रींस वेळीं-अवेळीं ठाण्यास न्यावें लागे, आणि नव्या गाडीचें मोल मास्तराच्या आवांक्याबाहेरचें. मीं रंग पाहिला, आसनें पाहिलीं; पायाखालचें रबर उचलून पत्रा मात्र पाहिला नाहीं. पहिल्याच पावसाळ्यांत तेथून रस्ता दिसूं लागला!

पुढील मे महिन्यांत, भर दुपारीं, गाडी कशेळीच्या पुलावर थबकली. मागें मातोश्रींची धाप माझ्या कानीं पडत होती. इतक्यांत एक टॅक्सीवाले गृहस्थ थांबले आणि कांहीं न विचारतां त्यांनीं पेट्रोलच्या पंपावर ओलें फडकें ठेविलें. उन्हानें नळींतल्या पेट्रोलची वाफ होते व ती पंपास पुढें ढकलतां येत नाहीं, हें शब्दरूपें घोकविणाऱ्या मला कोठून ठाऊक असणार? थोड्या वेळानें गाडी सुरू झाली.

जुनी गाडी घेणारास मी आतां एवढेंच विचारतों कीं, तिचा जाणता कारागीर आपल्या घरापासून किती दूर आहे?

मुंबईंतील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्यें रस्त्यावरून उतरली. आमची त्याच्या कितीतरी आधीं, सुटे भाग मिळेनासे होऊन कारागिरानें हात टेकल्यावर, भंगारांत गेली. तिच्यांतलें फडकें मातोश्रींनीं धुऊन ठेवून दिलें होतें.