एका आवाजात

माझ्या पिकअपच्या स्टिअरिंगवर उजव्या हाताला दोन काळी झाकणं होती. बटनांच्या आकाराची, पण दाबली तर न दबणारी. वरच्या मॉडेलला त्या जागी क्रूझ कंट्रोलची बटनं येतात. आमच्या मॉडेलला कंपनीनं जागा तेवढी ठेवली होती. पडलेल्या दाढेच्या खळग्यात जीभ जावी तसा माझा अंगठा चार वर्षं तिथं जायचा आणि परत यायचा. डोंगरकडा गावातून केळी आणि हळद वाहणाऱ्या माणसाला ती बटनं हवीत कशाला, असंच मलाही वाटायचं. नानांचा खुबा मोडला आणि ती हवीशी झाली.

नाना माझे नात्यानं कुणी लागत नाहीत. मी शाळेत होतो तेव्हापासून ते केळीच्या एका व्यापाऱ्याची टाटा ४०७ चालवायचे. अर्धापूरपासून आमच्या गावापर्यंतचा पट्टा केळीचा. ट्रक-टेम्पो भरताना घडांच्या खाली पानं, मध्ये पानं, वर पानं. तरी माल पोचेपर्यंत काळा पडतो तो ड्रायव्हरच्या पायामुळं, असं नानांचं म्हणणं. दाबला-सोडला, दाबला-सोडला, की घडावर घड घासतो. "मार लागलेलं केळ आज दिसत नाही, उद्या दिसतं," ते सांगायचे. त्यांचा सगळा धडा एका वाक्यात होता: गाडी एका आवाजात ठेवायची. काट्याकडं बघायचं नाही, इंजिन ऐकायचं. चढ आला की आवाज पडायच्या आधी पाय जरासा खाली, उतार आला की आवाज चढायच्या आधी जरासा वर. बाजूला बसलेल्याच्या पोटातलं पाणी हलता कामा नये.

१९९९ साली मे महिन्यात परभणीतून आमचा हिंगोली जिल्हा वेगळा झाला. त्याच वर्षीच्या ऊसतोडीत मी ट्रॉलीवर दोर आवळताना खाली पडलो आणि चाक उजव्या घोट्यावरून गेलं. मी सतरा वर्षांचा होतो. नानांची ४०७ जवळच्याच मळ्यात अर्धी भरून उभी होती. लोक घड उतरवायला धावले. मला खाली आडवं करायला जागा हवी होती, घाईही होती. नानांनी सगळ्यांना थांबवलं. "माल राहू द्या. मोकळी गाडी उडती." पाट्यांवर वजन असेल तरच ४०७ शांत चालते, मोकळी असली की प्रत्येक खड्ड्यात आपटते, हे त्या घाईतही त्यांच्याच लक्षात होतं. मला पानांची गादी करून घडांवर झोपवलं. नांदेडचा तासाभराचा रस्ता त्यांनी दोन तासांत गाठला. तेव्हाच्या त्या रस्त्यावर मी वर ढगांकडं बघत होतो आणि इंजिनाचा एकच आवाज ऐकत होतो. पाय राहिला. घोट्यात दोन स्क्रू राहिले.

इतकं मला माहीत होतं, आणि एवढंच माझं देणं आहे असं मी समजत होतो. दिवाळीला फराळ, हळद निघाली की पायलीभर हळद, लग्नात पहिला आहेर. माणूस असंच फेडत असतो.

गेल्या वर्षी नाना अंगणात घसरले. खुब्याचं ऑपरेशन नागपुरात झालं, कारण लेक तिथं दिलेली. पुढं तपासणीला न्यायचं काम मी मागून घेतलं. वारंगा फाट्यावरून हदगाव, पैनगंगेचा पूल ओलांडला की विदर्भ. मग उमरखेड, महागाव, आर्णी, यवतमाळ, वर्धा. चौपदरी सिमेंटचा रस्ता, जवळपास तीनशे किलोमीटर. पण माझा घोटा पन्नास-साठ किलोमीटर एका कोनात धरला की आतून पेटतो. मग पाय नकळत सुटतो, मी पुन्हा दाबतो, गाडी हिसका देते. नाना खिडकीवरच्या मुठीला धरून बसले होते, चकार शब्द नाही. यवतमाळ जवळ आलं तसं म्हणाले, "थांब लेका, चहा घेऊ." नाना चहा घेत नाहीत.

परत आल्यावर मी उस्तादकडं गेलो. नांदेडच्या रस्त्याला त्यांचं गॅरेज आहे. त्यांनी स्टिअरिंगवरची झाकणं नखानं काढली, आत बॅटरी मारली आणि हसले. "वायर तो कंपनीनं आधीच टाकलेली है. बटनंच नाय दिली."

काम मला वाटलं त्याहून लहान होतं आणि नाजूक होतं. वरच्या मॉडेलचा कंपनीचाच बटनांचा जोड मागवला. बाजारात बाहेरची किट मिळतात, ती अॅक्सिलरेटरच्या वायरीत मध्येच शिरतात. उस्ताद म्हणाले, ज्या वायरीवर जीव आहे तिला टाका मारायचा नाही. आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढला आणि दहा मिनिटं नुसते बसून राहिले, कारण स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असते आणि तिच्या पिवळ्या वायरीत करंट उरलेला असू शकतो. मग एअरबॅग अलगद काढून तोंड वर करून ठेवली. खाली क्लॉक स्प्रिंग, म्हणजे स्टिअरिंग कितीही फिरलं तरी न तुटणारी, घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली पट्टी. आमच्या गाडीतल्या पट्टीला पिना कमी निघाल्या, म्हणून तीही बदलली. ब्रेकच्या आणि क्लचच्या पेडलमागचे स्विच तपासले, कारण यातलं काहीही दाबलं की क्रूझ त्या क्षणी सुटायला हवा. शेवटी स्कॅनर लावून गाडीच्या कॉम्प्युटरला सांगितलं की आता तुला हे येतं. मीटरमध्ये कधी न लागलेला एक हिरवा दिवा लागला.

हे सगळं चालू असताना डॅशबोर्डखाली डोकं घालून उस्ताद बोलत होते. "त्या दिवशी मी मागंच होतो ना तुझ्याजवळ. नानांचा किन्नर." मला आठवत होता तो फक्त एक हात, माझं डोकं धरून बसलेला. तो यांचा, हे मला सव्वीस वर्षांनी कळलं. पुढचं त्यांनी पाना मागितल्यासारखं सहज सांगितलं. माल त्या दिवशी पोचायचा होता, पोचला दुसऱ्या दिवशी. माझ्या अंगाखालचे घड काळे पडले होते. व्यापाऱ्यानं भाडं तर दिलं नाहीच, मालाचे पैसेही नानांच्या पगारातून कापले. किती महिने, ते उस्तादना आठवत नव्हतं. "नाना बोले, पोराच्या घरी सांगायचं नाय. बाप आधीच दवाखान्यात पैसे भरतोय."

मार लागलेलं केळ आज दिसत नाही.

मजुरी विचारली तर उस्तादांनी पुरी सांगितली. माझ्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं असावं. ते म्हणाले, "नानांना बसवायचंय म्हणून नीट केलं. नीट केलं त्याचेच पैसे." मला ते बरं वाटलं. एवढा तरी हिशेब जागच्या जागी मिटला.

हे यंत्र करतं काय? दारं धरणारा गडी जे करतो तेच. वाफ्यात पाणी कमी दिसलं की दार थोडं मोकळं, जास्त झालं की एक फावडं माती. आपण नेमून दिलेला वेग आणि चाकांचा खरा वेग यातला फरक कॉम्प्युटर सतत बघतो आणि तेवढंच डिझेल कमी-जास्त करतो. आमच्या विहिरीवरच्या जुन्या डिझेल इंजिनाच्या पोटात हेच काम दोन फिरती वजनं करायची. वेग वाढला की ती बाहेर फाकायची आणि डिझेल आवळायची. जेम्स वॅटनं १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला जोडलेला गव्हर्नर तो हाच. मोटारीचा वेग धरून ठेवणारं यंत्र मात्र राल्फ टीटर या अमेरिकन इंजिनिअरनं बसवलं. पाच वर्षांचा असताना अपघातात त्याची दृष्टी गेली होती. त्याचा वकील गाडी चालवताना बोलायला लागला की वेग कमी करायचा आणि ऐकायला लागला की वाढवायचा; शेजारी बसून टीटर त्या हिसक्यांना कंटाळला, असं सांगतात. १९५० साली त्याला पेटंट मिळालं आणि १९५८ मध्ये क्रायस्लरच्या गाड्यांत ते आलं. हे वाचलं तेव्हा मला नवल वाटलं नाही. ज्याला काटा दिसत नाही त्यालाच गाडीचा आवाज नीट ऐकू येतो. तो माणूस नानांच्या शेजारी बसला असता तर कदाचित त्यानं हे यंत्र केलंच नसतं.

पुढच्या खेपेला हदगाव मागं पडल्यावर, रस्ता मोकळा बघून मी ऐंशीवर बटन दाबलं. चौपदरी रस्त्यावर मालवाहू गाडीला तीच मर्यादा आहे. पाय काढून घेतला आणि घोटा चार बोटं मागं ठेवला. पुलाचा चढ आला. इंजिनानं आवाज पडायच्या आधी स्वतःच जोर धरला.

नानांची नजर खाली गेली. "पाय कुठंय तुझा?"

"हितं."

"मग गाडी कोण चालवू राह्यलं?"

मी बटनं दाखवली. त्यांनी मान हलवली नाही, काही म्हटलं नाही, नुसते ऐकत राहिले. त्यांचा स्वतःचा उजवा पाय मात्र पायपुसण्यावर दाबलेला होता. समोर ट्रक आला की टाच उचलायची, रस्ता मोकळा झाला की चवडा टेकायचा. चाळीस वर्षांची सवय, ती स्कॅनर लावून बंद होत नाही. उमरखेडजवळ उसाची ट्रॉली आडवी आली, तेव्हा माझ्याआधी त्यांनी ब्रेक मारला. मी मारल्यावर हिरवा दिवा विझला. "अशा वेळी सोडून देतं का ते?" त्यांनी विचारलं. देतं म्हटल्यावर त्यांना जरा विश्वास वाटला. त्यानंतर मी पावसात आणि गर्दीत ते लावत नाही, तसं त्यांनीच ठरवून दिलं आहे. आर्णी गेली तेव्हा त्यांचा पाय सैल पडलेला होता. दुसऱ्याच्या गाडीत नानांना झोपलेलं मी पहिल्यांदा बघत होतो.

नागपुरात लेकीच्या दारात उतरल्यावर काठी टेकत ते मागं गेले. हौद्यात हळदीची सहा पोती होती.

"ही कुणाला द्यायची?"

"कुणालाच नाही. परत न्यायचीत."

लेक म्हणाली, मग तीनशे किलोमीटर वाहून आणली कशाला? मी दोर उगाच आवळत राहिलो. नानांनी एका पोत्यावर हात ठेवला, माझ्या घोट्याकडं एकदा बघितलं आणि लेकीला म्हणाले, "पाटे असतात गं. तुला न्हाई कळायचं."