गाळाचा कॉक

गेल्या मे महिन्यात मी अर्ध्याहून जास्त भरलेला टँकर आमच्या दारात ओतला. पोलादपूरच्या माणसाला एवढं एकच वाक्य पुरतं, तो पुढे काही विचारत नाही. नुसता बघत राहतो.

बाकीच्यांसाठी सांगते. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. २०२१च्या जुलैत आमच्या डोक्यावरच्या महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पडला होता. सावित्री महाडच्या बाजारपेठेत शिरली, तळियेवर दरड आली, आमच्या तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळ्यात माणसं गेली. त्याच डोंगरांत होळी झाली की झरे आटायला लागतात. खाली काळा कातळ, वर उभा उतार, पडलेलं पाणी थांबायला तयार नाही. बाणकोटच्या खाडीला पोचणारं पाणी मे महिन्यात ट्रॅक्टरला जोडून परत वर न्यावं लागतं. ते नेणाऱ्यांत माझे काका.

काकांचा टँकर म्हणजे ट्रॅक्टरमागे लावायची दोन चाकांची ट्रॉली, तिच्यावर पाच हजार लिटरची पत्र्याची टाकी. २०१९ साली जुना घेतलेला. मागे अडीच इंची वॉल, त्याला लांब पाईप लावून पिंपं भरतात. त्याच्या खाली, टाकीच्या अगदी पोटाला, एक इंची छोटा कॉक. पुस्तकात व्हॉल्व्ह, काकांच्या तोंडी वॉल आणि लहान असला की कॉक. हा गाळाचा कॉक. टाकी धुताना तळाचं पाणी काढून टाकायला ठेवलेला. तोच गळत होता.

मी मेकॅनिकलची पदवी लोणेऱ्याला केली आणि बाकीच्या वर्गासारखी सॉफ्टवेअरमध्ये गेले. कंपनी पुण्यात, आणि महिन्यातले दोन आठवडे घरून काम चालतं. त्यामुळे मे महिन्यात मी पोलादपूरला, ओसरीवर, लॅपटॉप मांडीवर. समोर आंब्याखाली भरलेला टँकर उभा असायचा. काका पहाटे सावित्रीकाठच्या विहिरीवर तो भरून आणत, जेवत, आणि मग आंबेनळी घाटाच्या बाजूच्या एका वाडीवर नेत. उभा असेपर्यंत खालून टपटप नव्हे, चक्क बारीक धार. काकांनी तिच्यावर सायकलची ट्यूब गुंडाळून सुतळीने आवळली होती. ट्यूब भिजून काळी पडली होती आणि पाणी तिच्या टोकावरून पडत होतं, इतकाच फरक.

मी मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून खाली बादली ठेवली. दहा लिटरची बादली चार मिनिटांत भरली. भरल्यापासून वाडीवर रिता होईपर्यंत तास-सव्वा तास धरला तर एका फेरीत पावणेदोनशे लिटर. पंधरा लिटरचा हंडा धरा, अकरा-बारा हंडे. काकांना हा हिशोब सांगितला तर ते म्हणाले, "माहितेय गं. रविवारी रिकामा असेल तेव्हा बघू." रविवार असे तीन गेले होते. उन्हाळ्यात टँकरला रविवार नसतो.

रात्री मी मोबाईलवर व्हिडिओ शोधत बसले. ड्रेन व्हॉल्व्ह कसा दुरुस्त करायचा म्हटलं की सगळे अमेरिकेतले. तिकडे गाडीमागे ओढायचं अख्खं घर असतं, स्वयंपाकघर, मोरी, पलंग सगळं आत. त्याच्याही पोटाखाली असाच छोटा कॉक. थंडी सुरू व्हायच्या आत तो उघडून टाकीतलं आणि नळीतलं सगळं पाणी काढून टाकायचं, कारण पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं आणि नळ्या फाटतात. एक आजोबा फार प्रेमाने समजावत होते की एक थेंबही आत ठेवू नका. मी पोलादपुरात, मे महिन्यात, रात्री साडेअकराला हे बघत होते. पण कॉकची रचना तीच. आत पितळेची पाचर, वरच्या चक्राने खाली येते, दोन्ही बाजूंच्या कडांवर घट्ट बसते. घट्ट बसत नाही म्हणून गळतं. म्हणजे आणखी आवळलं की झालं.

दुसऱ्या दिवशी काका मोटरसायकलवर डिझेल आणायला गेले. फोन घरात चार्जिंगला. मी पाईपपाना घेतला.

चक्र हाताने फिरेना, म्हणून पाना लावला. तरी फिरेना. पान्याच्या दांड्यात लोखंडी पाईप घालून लांबी वाढवली. लांब दांडा, जास्त पीळ, हे मला परीक्षेत दहा मार्कांना आलेलं आहे. पीळ जातो कुठे हे मात्र मी पाहिलं नाही. पाचर जागची हलली नाही. पीळ गेला कॉकच्या मागे, टाकीला वेल्डिंग केलेल्या निपलमध्ये. ते आतून गंजून पापडासारखं झालं होतं. कट् असा आवाज झाला. मोठा नव्हता. कॉक माझ्या हातात आला आणि टाकीच्या पोटातून इंचभर जाडीची धार थेट माझ्या छातीवर.

टोरिचेल्लीने १६४३ साली सांगून ठेवलंय की भोकातून पडणाऱ्या पाण्याचा वेग वरच्या पाण्याच्या उंचीवर ठरतो. सव्वा मीटर पाणी वर असेल तर सेकंदाला जवळजवळ पाच मीटर. इंचभर भोकातून मिनिटाला ऐंशीच्या वर लिटर. हे मी नंतर मांडलं. त्या क्षणी मी भोकात ओढणी कोंबत होते, ती बाहेर फेकली जात होती. तळहात लावला तर पाणी चारी बाजूंनी फुटे. आई धावत आली, मग शेजारच्या काकू, मग आख्खी आळी. कुणी बादल्या आणल्या, कुणी टब. आमच्या आळीत नळ येतो, पिंपं भरलेली होती. लोकांनी पाणी धरलं आणि कुंड्यांना घातलं, अंगणात मारलं. काकूंनी मात्र पाच-सहा कळश्या शिडीवरून पोरांकडून परत टाकीत ओतून घेतल्या. खालून ऐंशी लिटर जात असताना वरून कळशीने ओतणं हे हसण्यासारखं आहे, मला आजही हसू येत नाही.

काका चाळीसेक मिनिटांनी आले. गाडी स्टँडवर लावायलाही थांबले नाहीत. चुलीपाशी जाऊन सरपणातलं हाताएवढं लाकूड काढलं, कोयत्याने तासलं, गोणपाट गुंडाळलं आणि हातोड्याने भोकात ठोकलं. तीन ठोके. धार थांबली. मग टाकीवर चढून झाकण उघडून आत बघितलं. "निम्म्याच्या खाली गेलंय," म्हणाले. मला काही बोलले नाहीत. "चल," एवढंच.

म्हणजे वाडीवर मी पण.

तिथे पिंपांची रांग सकाळपासून लागलेली असते. माणसं नसतात, पिंपं असतात. निळी, एक पिवळं, एकावर खडूने नाव. टँकरचा आवाज आला की बायका बाहेर येतात. काकांनी ट्रॅक्टर बंद करून सरळ सांगितलं, "आज निम्मंच आहे. पुतणीच्या हातून कॉक तुटला." मला वाटत होतं ते म्हणतील, कॉक तुटला. पुतणीच्या हातून हे शब्द ते वगळू शकले असते.

प्रत्येक घराला अर्धं पिंप असं ठरलं. ठरलं म्हणजे भांडण होऊन ठरलं. ज्यांच्याकडे तान्हं मूल त्यांना थोडं जास्त, मग ज्यांच्याकडे पाहुणे आहेत त्यांनी आवाज चढवला. शेवटच्या दोन घरांना पिंपाच्या तळाला वीतभर आलं. त्यातल्या एका घरातली म्हातारी माझ्याकडे बघून म्हणाली, "बाय, तू शिकलेली ना गो?" टोमणा होता की चौकशी, मला कळलं नाही. मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मंग डवऱ्यावं जाऊ." आणि हंडा उचलून नातीला हाक मारली. डवरा म्हणजे ओढ्याच्या कोरड्या पात्रात हाताने उकरलेला खड्डा, त्यात पाझरून वाटीवाटीने पाणी जमतं.

परत येताना मी काकांवर चिडले. आता कळतं की स्वतःवरचं चिडणं टाकायला जागा हवी होती. मी म्हटलं, निपल इतकं गंजेपर्यंत, कॉक इतका जाम होईपर्यंत तुम्ही लक्ष दिलं नाहीत. गाळाचा कॉक रोज उघडायचा असतो. वापरला नाही की जाम होणारच. आमच्या कामात म्हणतात तसं, आज टाळलेली दुरुस्ती उद्या व्याजासकट येते.

काकांनी वळणावर गिअर बदलला. मग म्हणाले, "उघडायचो की. पुराच्या वर्षी रोज उघडायचो, विहिरीचं पाणीच गढूळ होतं. पुढच्या उन्हाळ्यात त्या वाडीवर उघडला. गाळाचं पाणी जमिनीवर पडायला लागलं तर ती म्हातारी धावत आली, खाली कळशी लावली. म्हणे, निवळून घेऊ, टाकतोस कशाला. सगळ्यांच्या समोर. त्यानंतर मी नाय उघडला."

पुढे घरापर्यंत आम्ही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी फेरी बंद ठेवून आम्ही रिकामा टँकर महाडला फिटरकडे नेला. त्याने तुटका कॉक व्हाइसमध्ये धरून वरचा भाग खोलला आणि मला जवळ बोलावलं. पाचर जिथे बसते त्या खालच्या खाचेत वाळू आणि माती दाबून बसून सिमेंटसारखी झाली होती. पाचर तिच्यावर टेकत होती, खालपर्यंत पोचतच नव्हती. "हा कॉक कितीही आवळा, बंद होणार नाही," तो म्हणाला. "पूर्ण उघडून पाणी जोरात सोडायचं, खाच धुऊन निघते, मग बंद करायचा. गळतोय म्हणून आवळतात, आणि उघडायला पाहिजे असतो." पाचरेच्या कडेवर वाळूने ओढलेल्या रेघा नखाला लागत होत्या.

टाकीच्या आत कोणीतरी उतरायला हवं होतं. काकांचं पोट वरच्या झाकणातून जात नाही, फिटरच्या पोराला दुसरं काम होतं. मी उतरले. आत उकडून निघत होतं, आवाज घुमत होता. तळाला चार बोटं गाळ, वरून चिकट, खाली घट्ट. खुरप्याने सोडवून घमेल्यात भरून वर दिला. अडीच घमेली निघाली. वरचा थर राखाडी, खालचा तांबूस. मी ओरडून सांगितलं की हा खालचा पुराच्या वर्षीचा असणार. काकांचा आवाज झाकणातून आला, "गाळाला काय तारीख असते?" त्या २०२१मध्ये हाच टँकर महाडच्या पेठेत दुकानं धुवायला पाणी देत होता. गुडघाभर चिखल होता तेव्हा तिथे, आणि प्यायला घोटभर नव्हतं.

फिटरने जुन्या निपलाभोवतीचा गंजलेला पत्रा कापला, नवा तुकडा बसवला, जाड सॉकेट वेल्ड केलं. कॉक कोणता घालायचा यावर त्याचं आणि काकांचं वाजलं. त्याला बॉलवाला बसवायचा होता, दांडा पाव फेरा फिरवला की बंद, गाळ अडकायला खाच कमी. काकांचं म्हणणं, रस्त्यावरचा दगड उडून दांड्याला लागला तर घाटात आपोआप उघडेल. शेवटी बॉलवाला बसला, दांडा टाकीकडे वळवून, आणि पुढे साखळीला बांधलेला एक डमी प्लग. आट्यांवर ताग आणि सफेदा. मी टेफ्लॉन टेप पुढे केली होती, ती त्याने खिशात घातली.

गळती थांबली. आता हिशोब वेगळा होता. भरलेल्या टाकीचा कॉक वीस सेकंद उघडला तर तीसेक लिटर जातं, दोन हंडे. गळतीच्या मानाने काहीच नाही. पण गळती कुणाच्या डोळ्यांसमोर होत नव्हती, आणि हे दोन हंडे माणूस हाताने ओतणार, तेही त्या वाडीच्या वाटेवर. मी काकांना म्हटलं, घरीच उघडा, आंब्याला जाईल. ते म्हणाले, "घरी उघडला तर गाळ कुठे खाली बसलेला असतो? घाटात हलून, थांबून, मग बसतो."

वाडीच्या अलीकडच्या वळणावर काका ट्रॅक्टर थंड करायला पाच मिनिटं थांबतात. पुढच्या खेपेला मी परत बरोबर होते. त्या वळणाला रस्त्याकडेला तेवढंच हिरवं होतं, हातभर गवत आणि एक अळूचं रोप, मे महिन्यात. तीन म्हशी टँकरकडे बघत उभ्या होत्या. म्हातारीची नात त्यांच्याबरोबर होती. ती म्हणाली, "आज गळत नाय व्हय?" सुरात नाराजी होती. तिच्या म्हशींना रोज ठरल्या वेळी, ठरल्या जागी पाणी मिळत होतं, आणि ते आम्ही बंद केलं होतं.

काका खाली उतरले. प्लग काढला, साखळीवर सोडला. पोरीला म्हणाले, "डोण आण कुठली तरी." ती पळत जाऊन फुटकी, चुन्याने सांधलेली पाटी घेऊन आली. काकांनी दांडा फिरवला. पहिलं पाणी मातकट आलं, मग राखाडी, मग स्वच्छ. काका तोंडाने आकडे मोजत होते. वीसला बंद केला. म्हशींनी गढूळ-बिढूळ काही बघितलं नाही.

वर वाडीवर म्हातारीने विचारलं, खाली का थांबलात. नातीने तिला सांगून टाकलं. म्हातारी काकांकडे बघत राहिली, आणि मग आपलं पिंप ओढून पाईपाखाली आणलं.