तेल कुठून आलं?

छत्रीबागेत, होळकरांच्या छत्र्यांमागच्या गल्लीत आमचं घर. दादांची जुनी पिकअप ब्रेक दाबला की उजवीकडे ओढायची. डाव्या मागच्या चाकाला नवे लायनर बसवले. महिन्याभरात पुन्हा तेच. सायकलवरचा एक पोरगा थोडक्यात वाचला.

मिस्त्रीनं ड्रम काढला, लायनरवर बोट फिरवून हुंगलं. “भिया, ये तो गियर का तेल है. लायनर की क्या गलती?” बेअरिंग झिजून अ‍ॅक्सल हलत होता, त्यानं सील खाल्लेलं, हाउसिंगमधलं तेल थेट ब्रेकवर. आता बेअरिंग, सील आणि लायनर, तेही दोन्ही चाकांचे. (आमच्याकडे भाव हिंदीत होतो, कुरकुर मराठीत.) दादा मुकाट्यानं पैसे मोजत होते. मागच्या खेपेला “नुसते लायनर बदला” असं मिस्त्रीला मीच सांगितलं होतं.

संध्याकाळी आईला शेजारी बसवून दादा राजवाड्यापर्यंत जाऊन आले. मला चल म्हणाले नाहीत.