जॉर्ज टाउनमधील विसावा

दक्षिणेच्या यात्रेस निघालेल्या महाराष्ट्रीय कुटुंबाला चेन्नई हे शहर बहुधा वाटेवरचे शहर म्हणूनच भेटते. कोणी रामेश्वरास निघालेला असतो, कोणी कांचीस. कोणी तिरुपतीचे दर्शन घेऊन परतत असतो, तर कोणाला येथील मोठ्या रुग्णालयात आपल्या माणसाची प्रकृती दाखवावयाची असते. गाडी बदलण्याच्या किंवा डॉक्टरांच्या भेटीच्या निमित्ताने एकदोन रात्री येथे काढाव्या लागतात. सेंट्रल स्थानकातून बाहेर पडून पूर्वेकडे वळले, की थोड्याच अंतरावर शहराची जुनी बाजारपेठ सुरू होते. हेच जॉर्ज टाउन. परवडणारी खोली, हाताशी शाकाहारी जेवण आणि हिंदी समजणारे दुकानदार, या तीन गोष्टींच्या आशेने पुष्कळ प्रवासी इकडे वळतात. आणि सकाळी उठतात ते डोळे चोळीत, रात्रभर झोप नाही अशी तक्रार करीत.

अशा गजबजलेल्या पेठेत विसावा मिळणे शक्य आहे काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात सहजच येईल. शक्य आहे, मात्र त्यासाठी या पेठेचा नकाशा आणि तिचे घड्याळ या दोन्ही गोष्टी ठाऊक हव्यात. खोलीच्या भाड्याची चौकशी आपण करतोच. परंतु ती खोली कोणत्या रस्त्यावर आहे, तो रस्ता कोणता माल विकतो आणि तो माल किती वाजता उतरतो, हे विचारण्याचे सहसा कोणाला सुचत नाही.

प्रथम नकाशा पाहू. इंग्रजांनी १६३९ साली येथे जागा मिळवून समुद्रकाठी सेंट जॉर्जचा कोट उभारला. कोटाच्या उत्तरेस भिंतीला लागूनच देशी व्यापारी, विणकर आणि कारागीर यांची वस्ती वाढली. १७४६ साली फ्रेंचांनी मद्रास जिंकले, १७४९ साली ते पुन्हा इंग्रजांकडे आले, आणि १७५८-५९ मध्ये फ्रेंचांचा दुसरा वेढा पडला. या धामधुमीत भिंतीलगतची जुनी वस्ती पाडून टाकण्यात आली, कारण तोफांच्या माऱ्यासाठी कोटासमोर मोकळे मैदान हवे होते. ज्या जागेवरून माणसे उठविली गेली, त्या जागेवर १८९२ साली पुरी झालेली उच्च न्यायालयाची तांबडी, घुमटांची इमारत आज उभी आहे. १७७३ साली सीमा दाखविण्यासाठी जे खांब रोवले गेले, त्यांपैकी एक पॅरीज कॉर्नरच्या डेअर हाउस या इमारतीच्या आवारात अद्याप राखलेला आहे. त्या सीमेच्या उत्तरेस नवी वस्ती वाढली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी राजा पाचव्या जॉर्जच्या नावावरून तिला आजचे नाव मिळाले.

या वस्तीचे दोन भाग आहेत. समुद्राकडील भाग मुत्तियालपेट्टै आणि सेंट्रल स्थानकाकडील भाग पेद्दनायकनपेट्टै. दोहोंच्या मधून पूर्वी एक ओढा वाहत असे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॉपम नावाच्या इंग्रज वकिलाच्या पुढाकाराने तेथे रुंद रस्ता झाला. तोच ब्रॉडवे, ज्याला आता प्रकाशम सालै म्हणतात. तमिळमधील 'पेट्टै' आणि आपली 'पेठ' हे शब्द कानाला सख्खे वाटतात. पश्चिम भागातील सौकारपेट हे नाव तर आपल्याला अर्थ विचारावाच लागत नाही: ती सावकारांची पेठ. गुजराती आणि मारवाडी पेढीवाल्यांची तेथे पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती आहे.

मुंबईची काळबादेवी किंवा पुण्याची रविवार पेठ ज्याने पाहिली आहे, त्याला या भागाची रचना समजण्यास वेळ लागणार नाही. प्रत्येक रस्त्याचा माल ठरलेला. गोडाऊन रस्त्यावर घाऊक कापड, अँडरसन रस्त्यावर कागद आणि लग्नपत्रिका, देवराज मुदली रस्त्यावर काच आणि आरसे, नैनियप्पा नायकन रस्त्यावर रसायने आणि औषधी जिन्नस. खरेदीसाठी ही सोय उत्तम. मुक्कामासाठी मात्र हीच गोष्ट नीट पारखून घ्यावयास हवी. ज्या रस्त्यावर जड माल, त्या रस्त्यावर रात्री मालमोटारी येणारच. दिवसा अरुंद गल्ल्यांत त्यांना जागा नसते. गाठोडी उतरविण्याचे आणि चढविण्याचे काम पुष्कळदा रात्री अगर पहाटे चालते. हमालांच्या हाका, लोखंडी दारांचा खडखडाट आणि मोटारींचे भोंगे यांना बंद खिडकी अडवू शकत नाही.

आता घड्याळाकडे वळू. पहाटे देवळांच्या घंटा वाजतात. मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, भजनाचा आवाज उजाडण्यापूर्वीच कानी येतो. दहाच्या सुमारास पेढ्या उघडतात आणि सायंकाळी गर्दी कळसाला पोचते. रविवारी मात्र घाऊक पेढ्यांपैकी बहुतेक बंद असतात आणि एरवी पाऊल ठेवावयास जागा नसलेल्या गल्लीतून आरामात चालता येते. ज्यांना खरेदी करावयाची नसून केवळ थकवा घालवावयाचा आहे, त्यांनी आपला मुक्काम शनिवारी रात्री आणि रविवारी पडेल अशी आखणी केल्यास निम्मा प्रश्न सुटतो.

जागा निवडताना या पेठेच्या तीन पट्ट्यांचा विचार करावा. पश्चिमेचा पट्टा सेंट्रल स्थानक आणि वॉल टॅक्स रस्ता यांच्या बाजूचा. पहाटेची गाडी पकडावयाची असेल, किंवा रोगी समोरच्या राजीव गांधी सरकारी रुग्णालयात असेल, तर हा पट्टा सोयीचा. परंतु येथील रहदारी रात्रीही थांबत नाही. (या रस्त्याचे नाव गमतीचे आहे. शहराच्या तटबंदीचा खर्च भागविण्यासाठी कर बसविण्याचे ठरले. कर वसूल झाला नाही, नाव तेवढे उरले.) मधला पट्टा मिंट रस्ता आणि सौकारपेट यांचा. येथे जिलेबी, बदामाचे दूध आणि तुपात घोळलेली इडली यांची चंगळ असते, पण गोंगाटही सर्वांत अधिक. तिसरा पट्टा पूर्वेकडचा: तंबू चेट्टी, लिंगी चेट्टी आणि आर्मेनियन हे रस्ते, व त्यांपलीकडे राजाजी सालै. या बाजूस पेढ्यांबरोबरच बँका, वकिलांच्या कचेऱ्या आणि जहाज-कंपन्यांची कार्यालये आहेत. ती सायंकाळी बंद झाली, की रस्ते बऱ्याच अंशी निवांत होतात. आडरस्त्यावरील एखादे साधे लॉज येथे मिळाले, तर झोप लागण्याची आशा धरावी.

एक सावधगिरीची सूचना येथेच द्यावीशी वाटते. या बाजूच्या रेल्वे स्थानकाचे नाव 'बीच' असले, तरी तेथे वाळवंट नाही आणि लाटाही नाहीत. मध्ये बंदर आहे. 'समुद्राजवळ' एवढ्या शब्दांवर भाळून अधिक भाडे देऊ नये. समुद्राचा खरा लाभ येथे वाऱ्याच्या रूपाने मिळतो. उन्हाळ्यात दुपारनंतर पूर्वेकडून खारा वारा वाहू लागतो आणि तापलेले शहर थोडे निवते. म्हणून पूर्वेकडे उघडणारी खिडकी ही या गावी मोठी दौलत समजावी.

खोली पाहताना पुढील गोष्टी स्वतः तपासाव्यात. दक्षिणेत, आपल्याकडच्याप्रमाणेच, 'हॉटेल' ही पाटी पुष्कळदा केवळ खाणावळीची असते. राहावयाची जागा 'लॉज' किंवा 'रेसिडेन्सी' या नावाखाली शोधावी. रस्त्यावरची खोली टाळावी, पण चौकाकडील कोंदट खोलीही घेऊ नये. मागील अगर बाजूच्या भिंतीत उघडणारी खिडकी असलेली, दुसऱ्या अगर तिसऱ्या मजल्यावरची खोली उत्तम. खाली मंगल कार्यालय आहे काय, हे विचारावे. तमिळ विवाहाचे मुहूर्त पुष्कळदा पहाटे किंवा सकाळी लवकर असतात आणि नादस्वराचे सूर मंगल असले तरी ते झोप ठेवीत नाहीत. पाण्याची चौकशी अवश्य करावी. २०१९ च्या उन्हाळ्यात या शहराचे जलाशय कोरडे पडले होते, ही आठवण ताजी आहे. भाड्याचा दिवस चोवीस तासांचा की दुपारी बारापर्यंतचा, हेही आधी ठरवून घ्यावे. सकाळी गाडीने येणाऱ्या कुटुंबाला त्यात पुऱ्या दिवसाच्या भाड्याचा फरक पडू शकतो.

आणि जिना पाहावा. ही गोष्ट शेवटी सांगितली म्हणून तिला शेवटचे स्थान नव्हे. कागद, कापड आणि रसायने यांच्या या पेठेत इमारती जुन्या आहेत, गल्ल्या अरुंद आहेत, आणि जिन्याखाली खोक्यांच्या थप्प्या रचलेल्या दिसतात. सेंट्रल स्थानकाशेजारचे प्रसिद्ध मूर मार्केट १९८५ साली आगीत नष्ट झाले. बाहेर पडावयास एकच जिना असेल आणि तोही मालाने अडलेला असेल, तर खोली कितीही स्वच्छ व स्वस्त असो, तेथे मुले घेऊन राहू नये.

हे सारे वाचून कोणी म्हणेल, एका रात्रीसाठी एवढा खटाटोप कशाला? यावर वाचकांनी आपल्याच घरातील प्रवास आठवून पाहावा. खोली बहुधा कर्ता पुरुष ठरवितो, आणि ठरविताना तो भाडे व स्थानकाचे अंतर पाहतो. खोलीत पोचल्यावर तो पंख्याखाली आडवा होतो. गृहिणीचा दिवस मात्र तेथेही संपत नाही: मुलांचे ओले कपडे, सासूबाईंची औषधे, उद्याच्या प्रवासाची बांधाबांध. दोन मजले चढून गुडघे दुखणाऱ्या आजी बिचाऱ्या बोलत नाहीत, आणि रामेश्वरी पोचेपर्यंत त्यांच्यात देवळाच्या लांब ओवऱ्या चालण्याचे बळ उरत नाही. वर्षानुवर्षे पैसे साठवून केलेली यात्रा अशा एका रात्रीने फिकी पडते. म्हणून खोली निवडताना घरातील सर्वांत थकलेले माणूस कोण, हा प्रश्न आधी विचारावा आणि त्या माणसाला पसंत पडेल तीच खोली घ्यावी. आजींसाठी उद्वाहन असलेली किंवा खालच्या मजल्यावरची खोली घेताना थोडा आवाज सोसावा लागला, तरी तो सौदा तोट्याचा नाही. गृहिणीने मात्र निदान एका सायंकाळी कपड्यांचा विचार सोडून द्यावा, आणि तशी व्यवस्था इतरांनी करावी.

पेठेतला विसावा केवळ खोलीतच शोधावा असेही नाही. आर्मेनियन रस्त्यावर १७१२ साली प्रथम उभारलेले आणि १७७२ साली पुन्हा बांधलेले आर्मेनियन चर्च आहे. फाटकातून आत शिरताच बाहेरचा कोलाहल मागे राहतो. जगातील पहिले आर्मेनियन नियतकालिक १७९४ साली याच मद्रासेत निघाले. त्याचे संपादक, धर्मगुरू शमावोनियन, याच आवारात चिरविश्रांती घेत आहेत. आपल्या देशापासून इतक्या दूर येऊन आपल्या भाषेची अक्षरे जुळविणाऱ्या त्या माणसापुढे वाचनाची आवड असलेल्या कुणाचेही मस्तक नमेल.

तंबू चेट्टी रस्त्यावरील कालिकांबा देवीच्या मंदिराशी तर आपले नातेच आहे. दक्षिणेच्या मोहिमेत, १६७७ साली, शिवछत्रपतींनी या देवीचे दर्शन घेतले, अशी मंदिराची परंपरा आहे. त्याच वर्षी महाराजांनी कोटातील इंग्रजांकडे दूत पाठवून काही औषधी वस्तू मागविल्याची नोंद कंपनीच्या कागदपत्रांत आढळते. दुपारी देऊळ बंद असते. सकाळी अगर सायंकाळी जावे.

प्रवासाची सोयही आता पूर्वीपेक्षा सुधारली आहे. फेब्रुवारी २०१९ पासून भुयारी मेट्रो सेंट्रलवरून उच्च न्यायालय आणि मण्णडी या स्थानकांपर्यंत येते, त्यामुळे ट्रंका सांभाळीत गर्दीतून रिक्षाने जाण्याचे कारण उरलेले नाही. पूर्वेकडील पट्ट्यात राहूनही सेंट्रल गाठणे सोपे झाले आहे. महाराष्ट्रातून येणाऱ्या काही गाड्या सेंट्रलला थांबतात, काही एग्मोरला. रामेश्वरची गाडी एग्मोरहून सुटते. तिकिटावरील स्थानकाचे नाव वाचूनच मुक्कामाचा बेत करावा. ऑक्टोबर ते डिसेंबर हे येथील मोठ्या पावसाचे दिवस. त्या काळात सखल गल्लीतील तळमजला घेऊ नये.

एवढी दक्षता घेऊनही मध्यरात्री एखाद्या मालमोटारीने जाग आलीच, तर क्षणभर खिडकीशी उभे राहावे. खाली डोक्यावर कापडाची गाठोडी घेऊन माणसे ये-जा करीत असतील. त्यांच्यापैकी कित्येक जण काम आटोपल्यावर बंद दुकानाच्या पायरीवरच अंग टाकतात. त्यांना खोली निवडावयाची नसते. आपल्या मुलीच्या लग्नाचे वस्त्र कदाचित याच गाठोड्यांतून आपल्या गावच्या दुकानात येत असेल. खिडकी हलकेच लावून घ्यावी, आणि सकाळी निघताना सामान खाली उतरवून देणाऱ्या माणसाच्या हातावर त्याच्या श्रमाचे दाम घासाघीस न करता ठेवावेत.