बांधावरून चालणारा पाय

अकोले तालुक्याच्या गावाहून पश्चिमेला निघालं की प्रवरेकाठची उसाची सपाट रानं हळूहळू मागे पडतात. राजूर ओलांडल्यावर भंडारदरा, रतनवाडी, साम्रद, घाटघर. एका अंगाला १६४६ मीटर उंचीचं कळसूबाई, दुसऱ्या अंगाला हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याचं पाचनई. या पट्ट्यातला माणूस सपाटीवर चालतो त्याहून जास्त चढउतारावर, दगडांतून आणि भातखाचरांच्या अरुंद बांधांवरून चालतो, आणि आवणीच्या दिवसांत तर तासन्‌तास चिखलात उभा असतो. अशा गावातल्या कुणाचा गुडघ्याखाली पाय गेला तर त्याला कसा पाय लागेल, आणि तो बनवणाऱ्याला काय काय यावं लागेल, हा प्रश्न प्रोस्थेटिक्स (कृत्रिम अवयव) आणि ऑर्थोटिक्स (असलेल्या अवयवाला आधार देणारी साधनं) या आमच्या विषयाच्या अगदी मध्यभागी आहे. लोकांचा समज मात्र वेगळा दिसतो. मायक्रोप्रोसेसरचा गुडघा, कार्बन फायबरचं पाऊल असली महागडी सामग्री शहरात बसवायची म्हणून विद्यापीठाची पदवी. खेड्यातल्या माणसाला साधा, स्वस्त पाय पुरतो आणि तो शिबिरात कुणीही शिकाऊ माणूस बसवू शकतो, असं पुष्कळांना प्रामाणिकपणे वाटतं. मला याच्या नेमकं उलट म्हणायचं आहे. जमीन जितकी अवघड तितकं शिक्षण खोल लागतं. साधा पाय अकोल्याच्या डोंगरात टिकवून दाखवणं हे या विद्येतलं कठीण काम आहे, आणि विद्यापीठातल्या शिक्षणाची गरज सर्वांत जास्त तिथेच आहे.

कृत्रिम पाय पाहणाऱ्याचं लक्ष आधी पावलाकडे जातं. वापरणाऱ्याचं सगळं सुखदुःख मात्र सॉकेटमध्ये असतं, म्हणजे उरलेला पाय ज्या कवचात बसतो त्या भागात. निसर्गाने शरीराचं वजन तळव्यावर पेलायची सोय केली आहे. नडगीभोवतालच्या कातडीवर ते पेलायची सोय केलेली नाही. म्हणून वजन कुठे द्यायचं आणि कुठे मुळीच द्यायचं नाही, हे ठरवावं लागतं. गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा आणि नडगीच्या वरच्या भागातला आतला उतार दाब सोसतात. बाहेरच्या बारीक हाडाचं डोकं, त्याला वळसा घालून जाणारी नस, नडगीची धार आणि हाडाचं कापलेलं टोक यांना दाब सोसत नाही. प्लास्टरच्या पट्ट्यांनी माप घेतलं, त्यात पीओपी ओतून पायाची प्रतिकृती काढली, की खरं काम सुरू होतं: सोसणाऱ्या जागी प्लास्टर खरवडून काढायचं, न सोसणाऱ्या जागी चढवायचं. किती खरवडायचं हे एखाद्या तक्त्यात सापडत नाही. तरुण माणसाचा मांसल पाय आणि मधुमेहाने संवेदना गेलेल्या म्हाताऱ्या माणसाचा हाडकुळा पाय यांचं गणित निराळं असतं. पहिल्याला चुकीचा दाब दुखून कळतो. दुसऱ्याला तो जखम होईपर्यंत कळतच नाही. कानस हातात धरायला काही महिन्यांत येतं. ती कुठे थांबवायची हे कळायला शरीररचना, रक्ताभिसरण, नसा आणि शल्यक्रिया यांचा अभ्यास लागतो. मुंबईत हाजीअलीला १९५५ साली स्थापन झालेल्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशनसारख्या संस्थेत या पदवीसाठी चार वर्षं आणि वर सहा महिने इंटर्नशिप करावी लागते, ती यासाठीच. त्या काळात वर्कशॉप आणि वॉर्ड या दोन्ही जागी हात आणि डोळे तयार व्हावे लागतात.

आता पावलाकडे आणि त्याखालच्या जमिनीकडे येऊ. १९५० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठात घडलेलं सॅच पाऊल जगभर पसरलं. त्याच्या घोट्याला सांधा नाही. टाच टेकताना टाचेतला मऊ भाग दबतो आणि घोटा हलल्यासारखं वाटतं. बूट घालून फरसबंद रस्त्यावर चालणाऱ्यासाठी ही उत्तम रचना आहे. पण असा पाय बसवताना बुटाच्या टाचेची उंची धरून जुळणी केलेली असते. तोच पाय घालून माणूस अनवाणी चालू लागला की टाच खाली जाते, नडगी मागे झुकते आणि गुडघा दर पावलाला मागच्या बाजूला ढकलला जातो. चढावर न वाकणारा घोटा हेच आणखी जोरात करतो. उतारावर उलट घडतं: नडगी पुढे फेकली जाते, गुडघा अचानक वाकतो आणि माणूस पडतो. बांधावर पाऊल एका कडेवर तिरकं पडतं. तिथे पावलाला आत-बाहेर वळता आलं नाही तर तो सगळा पीळ सॉकेटमधल्या कातडीवर उतरतो. खाचरात आणखी वेगळीच अडचण असते. चिखल पाऊल धरून ठेवतो, आणि पाय उचलताना सॉकेट निसटू नये म्हणून पट्ट्यांची पकड तेवढी भक्कम हवी. पण ती इतकी आवळलेलीही नको की उकिडवं बसताना मांडीला काचेल. ओल आत गेली तर कातडी मऊ पडून सोलवटते. यातल्या एकेका अडचणीला उत्तर आहे. ती सगळी एकाच पायात, एकाच माणसासाठी, परवडेल अशा सामानात बसवायची असतील तर बलांचा, पदार्थांचा आणि चालीचा अभ्यास एकत्र लागतो. गुळगुळीत दालनात कार्बनचं पाऊल बसवणाऱ्याला यांपैकी निम्मे प्रश्न पडत नाहीत.

यावर पहिला आणि वजनदार आक्षेप जयपूर फूटच्या इतिहासातून येतो. अनवाणी चालणाऱ्या, उकिडवं बसणाऱ्या, शेतात उतरणाऱ्या भारतीय माणसासाठी पाऊल घडवलं ते १९६० च्या दशकाच्या अखेरीस जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात, आणि त्यात रामचंद्र शर्मा या कारागिराचा हात मोठा होता. मास्टरजी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या माणसाकडे आमच्या विषयाची कोणतीही पदवी नव्हती. मग पदवीचं एवढं अप्रूप कशाला? मास्टरजींबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच ही गोष्ट अर्धी सांगितली जाऊ नये असं वाटतं. त्यांच्या शेजारी डॉ. प्रमोद करण सेठी हे अस्थिशल्यविशारद उभे होते. सांधा कसा हलतो, कुठे किती हालचाल हवी, हे एकाला ठाऊक होतं. रबर, लाकूड आणि साचा यांच्याकडून ती हालचाल कशी काढून घ्यायची, हे दुसऱ्याला. सच्छिद्र रबर, लाकडाचा ठोकळा आणि वरून टायरच्या जातीच्या रबराचं आवरण साच्यात भाजून बनलेलं ते पाऊल या दोन ज्ञानांच्या भेटीतून आलं. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तेव्हा जगाला त्या भेटीची किंमत कळली. पण अशी माणसं शेजारी येणं हा योगायोग असतो, आणि तालुक्यातालुक्याची गरज योगायोगावर सोडता येत नाही. शल्यविशारदाची समज आणि कारागिराचा हात एकाच माणसात, खात्रीने, दरवर्षी घडवता यावेत, हाच तर विद्यापीठातल्या या अभ्यासक्रमाचा हेतू आहे. जयपूरचं उदाहरण पदवीच्या विरोधात जात नाही. पदवीने काय साधलं पाहिजे हे ते सांगतं. जी पदवी हात घडवत नाही ती अपुरी, हे मात्र मी त्याच उदाहरणावरून मान्य करीन.

दुसरा आक्षेप शिबिरांचा. हजारो माणसांना शिबिरांतून फुकट पाय मिळाले आहेत. साडेचार वर्षांचा एक पदवीधर तयार होईपर्यंत एवढी माणसं कुबड्यांवर ठेवायची का? नाही ठेवायची. जिथे काहीच नाही तिथे शिबिराने माणसं उभी केली आहेत, आणि हे ऋण नाकारणं कृतघ्नपणा ठरेल. पण शरीर शिबिराच्या तारखेला थांबून राहत नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या वर्षात उरलेल्या पायाची सूज उतरते, स्नायू आटतात, आणि आधी घट्ट बसणारा सॉकेट सैल होतो. माणूस आत खाली सरकतो, आणि टाळायचा तोच दाब हाडाच्या टोकावर येतो. मोजे वाढवणं, आतून अस्तर लावणं, शेवटी नवा सॉकेट करणं, हे त्यावरचे ठरलेले उपाय आहेत. पण ते करणारं कुणी जवळ असेल तरच. नाहीतर पाय घरात खुंटीला टांगला जातो आणि कुबड्या परत येतात. दिलेल्या पायांची मोजणी होते, वर्षभराने वापरात असलेल्या पायांची क्वचित होते. तपासणारा, कारण ओळखणारा आणि जागच्या जागी दुरुस्त करणारा माणूस हेच आमच्या शिक्षणाचं खरं फळ आहे.

विषयाचा दुसरा अर्धा भाग, ऑर्थोटिक्स, तर शिबिरात मावतच नाही. जन्मतः पाऊल आत वळलेल्या बाळाचं उदाहरण घ्या. आयोवा विद्यापीठातल्या इग्नासिओ पोन्सेटी यांच्या पद्धतीने आठवड्या-आठवड्याला प्लास्टर बदलत पाऊल सरळ होतं. त्यानंतर दोन बूट जोडणारी पट्टी पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास, आणि पुढे चार-पाच वर्षांचं होईपर्यंत रोज झोपेत घालावी लागते. पाऊल पुन्हा वळण्याचं मोठं कारण म्हणजे ही पट्टी सुटणं. बूट चावतो, बाळ रडतं, आई कामावर जाते, आजीला पट्टी म्हणजे लेकराला शिक्षा वाटते. इथे ऑर्थोटिस्टचं काम बूट देऊन संपत नाही. पाच वर्षं त्या घराच्या सोबत राहणं हे ते काम असतं. संवेदना गेलेल्या पायासाठी मऊ सच्छिद्र रबराची पादत्राणं, लकव्यानंतर लोंबणाऱ्या पावलासाठी स्प्लिंट, सेरेब्रल पाल्सीच्या मुलाची वाढत्या उंचीबरोबर बदलणारी साधनं, हे सारं असंच दीर्घ सोबतीचं आहे. लोकसंख्येच्या सुमारे अर्धा टक्का माणसांना कृत्रिम अवयवाची किंवा अशा साधनाची गरज असते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. अकोले तालुक्याची लोकसंख्या तीन लाखांच्या आसपास धरली तर ही माणसं दीड हजारांच्या घरात जातात. एका तालुक्याला एक जाणता माणूस वर्षभर गुंतून राहील एवढं हे काम आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो. शिकलेली मुलं गावाकडे येतातच कुठे? ती मुंबई-पुण्यात राहतात किंवा परदेशी जातात. मग गावाच्या नावाने पदवीची तरफदारी कशाला? वस्तुस्थिती बहुतांशी खरी आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा. ज्या कामासाठी पदच नाही, वर्कशॉप नाही, भट्टी आणि सामान नाही, तिथे येऊन मुलाने करायचं काय? १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषद आली, या व्यवसायाला नोंदणी आणि दर्जा मिळाला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने हक्क लिहून दिले. मधली कडी, म्हणजे तालुक्याच्या पातळीवर नेमणूक, ती जोडली गेलेली नाही. प्रोस्थेटिक्स-ऑर्थोटिक्सची आंतरराष्ट्रीय संघटना आयएसपीओ या व्यवसायाकडे तीन पायऱ्यांनी पाहते: पदवीधर, सहायक आणि तंत्रज्ञ. प्रत्येक गावी पदवीधर हवा असं माझं म्हणणं नाहीच. सॉकेट ओतणारा, पट्टी बदलणारा तंत्रज्ञ राजूरला राहू शकतो. निदान करणारा, आराखडा ठरवणारा आणि चूक पकडणारा पदवीधर अकोले आणि संगमनेर असे दोन तालुके मिळून सांभाळू शकतो. पण वरची पायरी काढून टाकली तर खालच्या पायरीवरच्या माणसाला अडल्यावर विचारायला कुणी उरत नाही.

चौथा आक्षेप यंत्राचा. आता स्कॅनरने माप घेता येतं, संगणकावर आकार सुधारता येतो, छापखान्यातल्यासारखा सॉकेट छापून निघतो. मग हाताचं शिक्षण कशाला? दुर्गम भागासाठी स्कॅनर वरदान ठरू शकतो, कारण माणसाला प्रवास न घडवता त्याचं माप पोचतं. तरीही स्कॅनरला फक्त पृष्ठभाग दिसतो. खालचं हाड किती वर आहे, मांस कुठे सरकतं, कुठे हात लावताच माणूस दचकतो, हे बोटांनाच कळतं. संगणकावरही दाब कुठे द्यायचा हे कुणीतरी ठरवतंच. हत्यार बदलेल, निर्णय बदलणार नाही, आणि शिक्षण निर्णयाचं असतं.

शेवटी आमच्याच घराकडे वळायला हवं, कारण शिक्षणाची गरज सिद्ध झाली म्हणजे आजचं शिक्षण पुरेसं आहे असं होत नाही. आज चाल तपासायची ती पॅरलल बारमध्ये, आरशासमोर, सपाट फरशीवर; जुळणी पक्की करायची तीही तिथेच. याची मुळं या विद्येच्या इतिहासात आहेत. पुण्याचं आर्टिफिशियल लिंब सेंटर १९४४ साली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, जखमी सैनिकांसाठी उभं राहिलं. जगभर ही विद्या मोठी झाली ती युद्धांतल्या जखमींना पुन्हा उभं करण्याच्या गरजेतून. शेतकऱ्याचं, मेंढपाळाचं, डोक्यावर मोळी घेऊन उतरणाऱ्या बाईचं चालणं या विद्येच्या केंद्रस्थानी अजून यायचं आहे. म्हणून इंटर्नशिपच्या सहा महिन्यांतले काही महिने अकोले किंवा राजूरच्या ग्रामीण रुग्णालयासारख्या जागी काढणं सक्तीचं व्हावं. तिथे विद्यार्थ्याने स्वतः बनवलेला पाय चढावर, उतारावर, बांधावर आणि चिखलात चालवून तपासावा, आणि वर्षभराने तो वापरात आहे की नाही याची नोंद त्याच्या गुणांत धरली जावी. या तालुक्यातल्या बारावी विज्ञान झालेल्या आदिवासी मुलामुलींना या अभ्यासक्रमाची माहिती आणि शिष्यवृत्ती मिळावी. खाचरात पाऊल कसं पडतं हे त्यांना शिकवावं लागणार नाही, आणि त्यांच्या सहाध्यायांना ते त्यांच्याकडून शिकता येईल. यासाठी खर्च येईल, वेळ लागेल, विद्यापीठाला आपल्या परीक्षेची पद्धत बदलावी लागेल. पण ज्याने तयार केलेला पाय घाटघरच्या पावसात आणि बारी गावाच्या चढावर टिकतो, त्याला शहरातल्या फरशीवरचा पाय वेगळा शिकावा लागत नाही. अवघड जमिनीसाठी घडवलेलं शिक्षण सोप्या जमिनीलाही पुरतं. फक्त सोप्या जमिनीसाठी घडवलेलं शिक्षण अवघड जमिनीवर माणसाला पाडतं. अभ्यासक्रमाची आखणी कुठून सुरू करायची, याचं माझं उत्तर म्हणूनच अकोले आहे.