घरच्या शेडमधलं आर्गन वेल्डिंग

लोखंड जोडायला मला येत होतं. घरामागच्या शेडमध्ये एक इन्व्हर्टर मशीन, रॉडचा डबा आणि ग्राइंडर. तेवढ्यावर कुंड्यांचे स्टँड, फाटकाच्या बिजागऱ्या, सायकलचं कॅरिअर असं सगळं निभायचं. अडायचं ते ॲल्युमिनियमपाशी. गावाकडे मेहुण्यांचा दुधाचा धंदा. त्यांचे ॲल्युमिनियमचे कॅन टेम्पोत आपटून आपटून तळाच्या कडेला चिरतात. दर वेळी ते कोल्हापुरात उद्यमनगरला न्यायचे, आर्गन वेल्डिंग करून घ्यायचे आणि गावी पोचते करायचे, हे काम माझ्याकडे. त्या हेलपाट्यांना कंटाळून मी ठरवलं, हे आपणच शिकायचं.

उद्यमनगरात जे मिस्त्री आमचे कॅन जोडायचे, त्यांनाच विचारलं, कुठलं मशीन घेऊ? ते म्हणाले, "सर, मशीनचं मागनं बघू. काय जोडणार आणि किती जाडीचं, ते आधी सांगा." या एका प्रश्नानं निम्मे पर्याय गळाले.

कॅनचा पत्रा, खिडकीचे सेक्शन, गाडीचं एखादं कव्हर. माझी कामं चार मिलिमीटरच्या आतली. साध्या रॉडनंही ॲल्युमिनियम जोडता येतं, पण त्या रॉडचा फ्लक्स ओल धरतो, शिंतोडे फार उडतात आणि सांध्यावर राहिलेला फ्लक्स पुढे धातू खातो. पातळ पत्र्याला तर भोकच पडतं. गॅसनं जुने कारागीर झकास काम करत, पण तिथंही फ्लक्स आलाच. तो पिवळा भडकतो, त्या झगमगाटात धातूचा रस दिसायला खास चष्मा लागतो, आणि नंतर गरम पाण्यानं घासघासून धुवावं लागतं. मिग, म्हणजे तारेचं वेल्डिंग, वेगवान खरं. पण ॲल्युमिनियमची तार मऊ, लांब पाइपातून ढकलताना रोलरपाशीच गुंता होतो. म्हणून तारेचं रीळ टॉर्चवरच असलेली स्पूल गन घ्यावी लागते. जाड पट्ट्या आणि लांब सांधे असतील तर ती उत्तम. बाजारात साध्या गॅस टॉर्चवर वितळणाऱ्या कांड्याही मिळतात. त्यांत बहुधा जस्त असतं आणि 400 अंशांच्या आसपासच त्या पाघळतात. स्टँडच्या पायाला ठीक. दुधाच्या भांड्याला मी त्या लावणार नाही. शिवाय एकदा जस्त सांध्यात गेलं की त्या जागी पुढे आर्गननं नीट काम होत नाही.

उरलं टिग, म्हणजेच आपलं आर्गन वेल्डिंग. स्वस्तातलं टिग मशीन फक्त डीसीवर चालतं. स्टीलला, स्टेनलेसला ते पुरतं. ॲल्युमिनियमच्या घरगुती कामाला नाही. ॲल्युमिनियम 660 अंश सेल्सिअसला वितळतं, पण त्याच्यावरचा ऑक्साइडचा थर वितळायला 2000 अंश ओलांडावे लागतात. आत धातूचा रस झाला तरी तापल्या दुधावरच्या सायीसारखा हा थर वर तसाच राहतो आणि दोन कडा एकमेकींत मिसळत नाहीत. एसीमध्ये विजेची दिशा सतत उलटते. टॉर्चमधलं टंगस्टन ऋण असताना उष्णता जॉबमध्ये, म्हणजे जोडायच्या तुकड्यात जाते, धन असताना तो थर फुटून निघतो. इन्व्हर्टर मशीनवर या दोन्हींचं प्रमाण ठरवता येतं. मी साधारण 70 टक्के उष्णतेला, 30 टक्के सफाईला ठेवतो. सफाई फार वाढवली की टंगस्टनचं टोक तापून गोळा होतं.

म्हणून 200 अँपिअरचं एसी-डीसी मशीन घेतलं. डीसीवाल्याच्या दुपटीहून महाग पडलं. जाडीच्या दर मिलिमीटरला 40 अँपिअर हा ढोबळ हिशेब; म्हणजे तीन मिलिमीटरला 120. वर थोडी शिल्लक हवी, कारण ॲल्युमिनियम साध्या स्टीलच्या चार-पाच पट उष्णता वाहून नेतं आणि सुरुवातीला जॉब ती गिळतच राहतो. घरातल्या 16 अँपिअरच्या सॉकेटवर असं मशीन पूर्ण ताकदीनं चालत नाही. इलेक्ट्रिशियनकडून मीटरपासून वेगळी जाड वायर, 32 अँपिअरचा एमसीबी आणि पक्कं अर्थिंग करून घेतलं. वीजबिलावरचा मंजूर भार त्याआधीच पाहिला होता. पायानं करंट कमीजास्त करायचं पेडल वेगळं विकत घ्यावं लागलं, आणि सगळ्या खरेदीत तेच सर्वांत उपयोगी ठरलं.

गॅस शुद्ध आर्गन, मिनिटाला 8 ते 10 लिटर. कार्बन डायऑक्साइड मिसळलेला गॅस इथं चालत नाही. टंगस्टन 2.4 मिलिमीटरचं, लँथनेटेड. लाल टोकाच्या टंगस्टनमध्ये किरणोत्सारी थोरियम असतं. टोक घासताना त्याची धूळ नाकात जाते, म्हणून ते घरात नको. सांध्यात भरायचा फिलर 4043 किंवा 5356. पहिल्यात सुमारे 5 टक्के सिलिकॉन असतं. तो छान वाहतो, तडे कमी जातात. कॅनला आणि ओतीव भागांना मी तोच वापरतो. दुसऱ्यात मॅग्नेशियम, त्याची ताकद जास्त, आणि नंतर ॲनोडायझिंग करायचं असेल तर रंग जुळतो. 4043 चा सांधा तिथं काळपट उठून दिसतो.

सरावाला मिस्त्रींनी खिडकीच्या सेक्शनचे तुकडे घ्यायला सांगितले आणि वरचं ॲनोडायझिंग आधी घासून काढायची ताकीद दिली. तो मुद्दाम जाड केलेला ऑक्साइडच. त्यावर आर्क भटकत राहतो. सफाईचा क्रमही ठरलेला. आधी ॲसिटोननं तेलकटपणा पुसायचा, मग स्टेनलेसच्या ब्रशनं घासायचं. उलट केलं तर ब्रश तेल धातूत रगडतो. हा ब्रश लोखंडाला कधीच लावायचा नाही. ॲसिटोन उडून जाईपर्यंत आर्क पेटवायचा नाही, आणि क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर तर जवळही आणायचं नाही. आर्कपाशी त्यापासून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. कॅनच्या चिरेत दुधाचा चिकटा बसलेला असतो. गरम पाण्यानं धुऊन, चीर कोरून उघडी केली तरच सांधा धरतो. पावसाळ्यात ओलीचाही त्रास. वितळलेलं ॲल्युमिनियम त्यातला हायड्रोजन शोषतं, गोठताना तो सुटतो आणि सांध्यात बारीक छिद्रं राहतात. कॅन त्यातूनच गळतो. म्हणून जॉब आणि फिलर आधी गरम हवेनं सुकवून घेतो.

"लोखंड लाल होऊन सांगतंय, आता वितळतो म्हणून. हे काय सांगत नाही," मिस्त्री म्हणाले होते. नजर ठेवायची ती चमकेवर. पेडल दाबून आर्क एका जागी धरला की पृष्ठभाग एकदम लखलखीत होतो, तो रस. फिलर पुढून टेकवायचा, किंचित मागे घ्यायचा, टॉर्च पुढे ढकलायची. जॉब तापत जातो तसा वेग वाढवायचा आणि पाय हलका करायचा. शेवटी आर्क एकदम तोडला तर खड्डा पडून तिथंच तडा जातो. एक थेंब जास्त घालून पेडल हळूहळू सोडायचं आणि मागून येणारा गॅस थांबेपर्यंत टॉर्च तिथंच धरायची. टंगस्टन रसाला टेकलं तर थांबून टोक पुन्हा घासायचं.

शेडमधला पंखा मात्र बंद ठेवावा लागतो, नाहीतर आर्गन उडून सांधा काळा पडतो. धूर बाहेर जायला एक्झॉस्ट लांबच्या भिंतीत लावला आहे. ॲल्युमिनियमवरून आर्कचे किरण परावर्तित होतात, त्यामुळे चांगल्या हेल्मेटबरोबर गळ्यापर्यंत झाकणारा सुती शर्टही हवा.

शिडी, गाडीची चाकं, सायकलची फ्रेम मी जोडत नाही. यांत बऱ्याचदा उष्णतेचे संस्कार केलेला मिश्रधातू असतो. वेल्डिंगच्या तापानं सांध्याशेजारची त्याची ताकद बरीच उतरते, आणि ते वरून दिसत नाही.

ज्यांना घरी हे सुरू करायचं आहे त्यांना माझं सांगणं एवढंच. वर्षाकाठी चार-दोन सांधे असतील तर मशीन घेऊच नका, चांगल्या मिस्त्रीकडं जा. काम नेमानं असेल तर एसी-डीसी मशीन, पेडल आणि विजेची वेगळी लाइन, तिन्ही एकदमच करा. पैसे कमी पडत असतील तर थांबा. पण ॲल्युमिनियमसाठी म्हणून नुसतं डीसी टिग घेऊन येऊ नका.